सरकारी दुकानातला काढा

इसवी सन 1076 मध्ये चीनच्या काइफेंग शहरात एक दुकान उघडलं. दुकानाचा मालक सरकार आणि माल म्हणजे तयार औषधं : गोळ्या, पुड्या, लेप. सोंग घराण्याचा सम्राट शेनझोंग तेव्हा गादीवर होता आणि वांग आन्शी या त्याच्या प्रधानाच्या आर्थिक सुधारणांनी दरबारात उभी फूट पाडली होती. शेतकऱ्यांना पेरणीआधी सरकारी कर्ज, बाजारात सरकारी खरेदी-विक्री असा तो सगळा कार्यक्रम होता. औषधाचं दुकान हे त्यातलंच एक लहानसं कलम. खाजगी विक्रेत्यांची भेसळ आणि नफेखोरी मोडायची आणि जमलं तर तिजोरीतही चार पैसे पाडायचे, असा दुहेरी हेतू होता. दुसरा हेतू आधी फळाला आला. पहिल्या बारा महिन्यांत दुकानानं 25 हजारांहून जास्त माळा नफा कमावला. हजार नाणी दोरीत ओवली की एक माळ होई. लोककल्याणाचं खातं पहिल्याच वर्षी इतकं फायद्यात आलं, की पुढे ते कुणीही बंद करणार नव्हतं.

या दुकानाची आठवण आज काढायचं कारण वेगळं आहे. मन खचलंय, चिडचिड होतेय, छातीवर दडपण आहे, झोप लागत नाही अशी तक्रार घेऊन कुणी चिनी वैद्याकडे गेलं, तर ज्या मोजक्या औषधांची नावं आधी निघतात त्यांत ‘श्याओयाओ सान’ हमखास असतं. जपानमध्ये त्याचीच सुधारलेली आवृत्ती सरकारी आरोग्य विम्यात मिळते. गेल्या काही दशकांत उंदरांवर आणि माणसांवर त्याच्या भरपूर चाचण्या झाल्या. हे औषध लोकांपर्यंत पोचलं ते याच सरकारी दुकानाच्या पुस्तकातून. त्याचा कर्ता कोण, ते पुस्तक सांगत नाही. ते खात्याचं औषध आहे, एवढंच.

दुकानाच्याही आधीची एक गोष्ट सांगायला हवी. 1057 साली सम्राट रेनझोंगनं वैद्यकग्रंथ तपासून छापायचं एक कार्यालय काढलं. लाकडी ठशांवरची छपाई तेव्हा जोरात होती. हस्तलिखितांच्या नकला करताना शिरलेल्या चुका दुरुस्त करून एकच प्रमाण पाठ देशभर पाठवायचा, हे त्या कार्यालयाचं काम. त्याच काळात राजग्रंथालयात वांग झू नावाच्या विद्वानाला कसरीनं खाल्लेली एक पोथी सापडली. ती निघाली हान काळातल्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या ग्रंथाची. संपादकांनी ती झाडून-पुसून नीट लावली आणि छापून काढली. स्त्रियांच्या आजारांच्या भागात तिच्यात एक छोटा काढा आहे : गहू, ज्येष्ठमध आणि चिनी खजूर, म्हणजे बोराच्या जातीचं लाल फळ. कारण नसताना रडू कोसळणाऱ्या, अंगात काही संचारल्यासारखं वागणाऱ्या, पुन्हापुन्हा जांभया देणाऱ्या बाईसाठी तो सांगितला आहे. तिन्ही वस्तू स्वयंपाकघरातल्या. आजही तो वापरात आहे. पोथीला आणखी थोडी वर्षं कसर लागली असती तर तो आपल्यापर्यंत पोचला असता की नाही, सांगता येत नाही.

दुकानाची खरी भरभराट झाली ती हुइझोंगच्या कारकिर्दीत. हा सम्राट चित्रकार होता, सुलेखनकार होता, वैद्यकाचाही त्याला नाद होता. राज्यकारभार तेवढा जमला नाही. 1103 मध्ये दुकानांची संख्या वाढवून विक्रीची पाच केंद्रं आणि औषधं तयार करण्याचे दोन कारखाने करण्यात आले. 1114 मध्ये कारखान्यांना ‘होजी’ म्हणजे औषधयोजनेचं खातं आणि दुकानांना ‘हुइमिन’ म्हणजे जनहिताचं खातं अशी नावं मिळाली. याच दरम्यान, 1107 ते 1110 च्या सुमारास, चेन शिवेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खात्याची औषधं एका ग्रंथात एकत्र केली. पहिल्या आवृत्तीत 297 पाठ होते. पुढे भर पडत पडत ते 788 झाले.

खात्याचे नियम वाचताना आजच्या सरकारी कारभाराची सवय असलेला माणूस जरा सावरून बसतो. रात्री कर्मचाऱ्यांनी पाळीनं दुकानातच मुक्काम करायचा. अडल्यानडल्याला औषध द्यायला टाळाटाळ केली तर शिक्षा. जुनी, कस गेलेली औषधं नष्ट करायची. तयार मालावर खात्याची मोहर असायची आणि नकली मोहर मारणारा गुन्हेगार. औषधाला नाव, ठरलेलं माप, ठरलेली किंमत, वर सरकारी शिक्का! युरोपात त्या काळी असं काही नव्हतं.

आता मनाकडे वळू. या ग्रंथात ‘मानसिक आजार’ असा वेगळा विभाग नाही. लक्षणं इकडे-तिकडे विखुरलेली आहेत. ती एकत्र ठेवून पाहिली तर तीन औषधं नजरेत भरतात.

पहिलं ‘झीश्वे’, म्हणजे जांभळं हिम. हे तातडीचं औषध. ताप डोक्यात जाऊन माणूस बरळू लागला, ओरडत धावत सुटला, लहान मुलाला झटके आले, तर द्यायचं. त्यात खनिजं, कस्तुरी, गेंड्याचं शिंग, आणि सोनं उकळलेलं पाणी. दुसरं ‘म्याओश्यांग सान’. मनाला थारा नाही, दचकायला होतं, कशाची तरी भीती वाटते, उदास वाटतं, झोप उथळ, राग-आनंदाचा भरवसा नाही, अशा माणसासाठी. आजचा मानसोपचारतज्ज्ञ या यादीवर चिंता आणि उदासीनता अशी दोन लेबलं सहज लावील. त्यात जिन्सेंग, कस्तुरी, कोष्ठ आणि आपल्या रसशास्त्रातला हिंगुळ. हिंगुळ म्हणजे पाऱ्याचं गंधकयुक्त खनिज, त्यामुळे ते जुन्या रूपात आज कुणी घेऊ नये, हे इथेच सांगून टाकतो.

आपल्याकडचं कोष्ठ चिनी औषधात वाचून कुणी थबकलं असेल तर बरोबरच आहे. सोंग काळात समुद्रमार्गे सुगंधी मालाचा प्रचंड व्यापार होता आणि त्यावर सरकारची पकड होती. खात्याची औषधं म्हणूनच सुवासिक आहेत. बेशुद्ध पडलेल्याला द्यायच्या ‘सूहश्यांग’ गोळीत चंदन, अगरू, लवंग, ऊद, पिंपळी, हिरडा, कोष्ठ असं सगळं एका जागी आहे. पिंपळीचं चिनी नावदेखील भारतातून गेलेलं.

तिसरं औषध श्याओयाओ सान, आणि ते या दोघांपुढे अगदीच साधं. कस्तुरी नाही, हिंगुळ नाही, सोनं तर नाहीच. छायहूचं मूळ, दांगक्वेचं मूळ, पांढऱ्या पिओनीचं मूळ, बायझूचा कंद आणि पाइनच्या मुळांवर वाढणारी फूलिंग ही बुरशी, प्रत्येकी एक ल्यांग (जुनं चिनी वजन). ज्येष्ठमध अर्धा. सगळं भरड कुटायचं. एका वेळी दोन छ्येन पूड, आजच्या हिशेबानं आठ ग्रॅमच्या आसपास, मोठ्या पेल्याभर पाण्यात टाकायची. निखाऱ्यावर भाजून ठेचलेला आल्याचा एक तुकडा आणि चिमूटभर पुदिना घालायचा. पाणी दहातलं सात भाग उरेपर्यंत उकळायचं, गाळायचं, गरम प्यायचं. वेळेचं बंधन नाही. कोणत्याही घरात चुलीवर होईल असं हे काम आहे.

आणि हे दिलंय कुणासाठी? ग्रंथात ते स्त्रियांच्या आजारांत आहे. थकवा, अंगदुखी, डोकं जड, छातीत धडधड, गाल लाल, तोंड कोरडं, जेवण जात नाही, सारखं पडून राहावंसं वाटतं, पाळी अनियमित. मन हा शब्द कुठेही नाही, दुःख हा शब्दही नाही. तरी ही यादी वाचताना आपल्या ओळखीची एक तरी बाई डोळ्यांपुढे येतेच. ‘मला काही होत नाही हो, फक्त अंगात त्राण नाही’ असं सांगणारी. शरीराच्या तक्रारींच्या आडून मन बोलतं, हे खात्याच्या कारकुनांना कळलेलं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या लेखी शरीर आणि मन असे दोन वेगळे कप्पेच नव्हते, हे जास्त खरं.

चिनी वैद्यकाची उपपत्ती अशी : ‘यकृत’ म्हणजे केवळ तो अवयव नव्हे, तर शरीरातलं चलनवलन मोकळं ठेवणारी व्यवस्था. राग गिळला, इच्छा मारली, की ते चलन अडतं. मग उसासे येतात, बरगड्यांखाली ताठरपणा येतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, पचन बिघडतं, पाळी बिघडते. छायहू आणि पुदिना अडलेलं मोकळं करतात, दांगक्वे आणि पिओनी रक्ताला पोसतात, बाकीचे पोट सांभाळतात. हा तर्क शरीरशास्त्राच्या पुस्तकात बसणार नाही. पण रुग्णाची लक्षणं एका सुतात ओवायची सोय त्यात आहे आणि उपचाराची दिशाही.

1127 मध्ये उत्तरेच्या जुर्चेन लोकांनी काइफेंग घेतलं. चित्रकार सम्राट कैदी म्हणून उत्तरेला गेला आणि तिकडेच मेला. दरबार दक्षिणेला पळाला, हांगचौला स्थिरावला आणि 1136 मध्ये औषधाचं खातं तिथे पुन्हा उभं राहिलं. परागंदा सरकारनं दहाएक वर्षांच्या आत औषधाची दुकानं उघडावीत, यावरून त्यांची गरज आणि कमाई दोन्ही कळतात. 1148 मध्ये खात्याचं नाव ‘ताइपिंग हुइमिन’ झालं. 1151 मध्ये ग्रंथाचा सुधारलेला पाठ ठिकठिकाणच्या शाखांना पाठवण्यात आला. तेव्हापासून हा पाठसंग्रह देशाचा झाला.

मग व्हायचं तेच झालं. चांगला माल दरबारी मंडळींच्या घरी जाऊ लागला आणि दुकानात उरलंसुरलं. महागडी द्रव्यं मधल्या मधे गायब व्हायची, त्यांच्या जागी स्वस्त काहीतरी पडायचं. सोंग राज्याच्या अखेरीचा लेखक झोऊ मी यानं लिहून ठेवलंय, की जनहिताचं खातं म्हणजे अधिकाऱ्यांच्या हिताचं खातं अशी लोक टवाळी करत.

पण खात्यावर सगळ्यात जबर टीका आली ती भ्रष्टाचारावरून नव्हे. ती केली झू दानशी (1281–1358) या वैद्यानं. हा झेजियांग प्रांतातल्या यीवूचा, म्हणजे हांगचौपासून फार लांबचा नाही. तरुणपणी त्यानं हाच ग्रंथ घोकला होता. पुढे त्यानं त्याची चिरफाड करणारं पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : अधिकारी या ग्रंथाला कायदा मानतात, वैद्य त्यावर पोट भरतात, रोगी त्यावर जीव टाकतात, आणि रोग्याला कुणी बघतच नाही. लक्षण वाचायचं, नाव शोधायचं, पुडी घ्यायची. गरम, कोरडी, सुवासिक द्रव्यं सरसकट सगळ्यांच्या पोटात. मला हा वाद फार आवडतो, कारण तो मिटलेला नाही. एकच औषध हजारांना द्यायचं तर ते मोजता येतं, तपासता येतं, गरिबालाही परवडतं. माणूस बघून औषध द्यायचं तर ते नेमकं बसतं, पण ते तपासायचं कसं? सरकारी खातं आणि झू दानशी, दोघांचंही बरोबर होतं.

मनाच्या बाबतीत झू दानशीनं मोलाची भर घातली. साठून राहणं, तुंबणं हेच पुष्कळ आजारांचं मूळ, असं तो म्हणे. वायू, ओल, कफ, उष्णता, रक्त, अन्न, सहांपैकी काहीही तुंबू शकतं. त्यासाठी त्यानं पाच द्रव्यांची ‘युएजू’ गोळी दिली. तिच्यावरही आज डिप्रेशनच्या अंगानं संशोधन चालू आहे. पण केवळ औषधावर त्याची भिस्त नव्हती. त्याच्या चरित्रात एक मुलगी येते. नवरा पाच वर्षं दूर देशी, ही अन्न सोडून उत्तरेकडे तोंड करून सहा महिने पडलेली. झूनं नाडी पाहिली. आत जाऊन तिला तीन थोबाडीत दिल्या आणि परपुरुषाचा विचार करतेस म्हणून दटावलं. ती भडकली, धाय मोकलून रडली, राग ओसरल्यावर जेवली. मग त्यानं बापाला सांगितलं, आता आनंद हवा, नाहीतर हे पुन्हा तुंबेल. नवऱ्याचं पत्र आलंय अशी थाप मारण्यात आली. तीन महिन्यांनी नवरा खरंच परतला. आजच्या कुठल्याही समुपदेशकाचा परवाना या उपचारानं रद्द होईल. झूचं निदान मात्र विसरता येत नाही : हिचा आजार विचारात अडकलाय, आणि भावनेला भावनेनंच हलवावं लागेल.

खात्याचं पुढे काय झालं ते झरझर सांगतो. युआन आणि मिंग राजवटींनी त्याच नावानं दुकानं चालवली, पण हळूहळू त्यांचा जीव गेला. कोर्यो काळातल्या कोरियानं 1112 मध्येच त्याच नावाचं खातं काढलं होतं. तिथे तर ते वेगवेगळ्या रूपांत 1882 पर्यंत टिकलं. सोळाव्या शतकात श्वे जी या राजवैद्यानं श्याओयाओमध्ये पिओनीच्या एका जातीची साल आणि गार्डेनियाचं फळ घातलं. चिडचिड आणि अंगाची काहिली जास्त असेल तेव्हा ही आवृत्ती देतात. सतराव्या शतकात झाओ श्यानखं यानं तुंबण्याच्या सगळ्या आजारांसाठी श्याओयाओच पुढे केलं. बायकांच्या थकव्याचं औषध मनाचं औषध झालं ते असं टप्प्याटप्प्यानं, आणि खातं बंद पडत असताना.

हांगचौमध्ये मात्र त्या ग्रंथाला पुन्हा घर मिळालं. 1874 मध्ये हू श्वेयान या बड्या सावकारानं ‘हू छिंग यू थांग’ हे औषधालय काढलं आणि त्याचा पाया म्हणून सोंग खात्याचे पाठ घेतले. पेढीवर ग्राहकाला दिसतील अशा बऱ्याच पाट्या आहेत. एक पाटी उलटी, आत, नोकरांकडे तोंड करून लावलेली. 1878 साली हूनं स्वतः लिहिलेली : फसवू नका. झीश्वे करायला तांब्या-लोखंडाची भांडी चालत नाहीत म्हणून त्यानं चांदीचं भांडं आणि सोन्याचा उलथणा करवून घेतला. ती दोन्ही भांडी औषधालयानं जपून ठेवली आहेत. हू पुढे रेशमाच्या सौद्यात बुडाला, कंगाल होऊन गेला. औषधालय टिकलं. 1993 मध्ये चीननं गेंड्याच्या शिंगावर बंदी घातल्यावर झीश्वेसारख्या औषधांत म्हशीचं शिंग आलं.

जपाननं वेगळी वाट धरली. 1976 मध्ये तिथल्या आरोग्य विम्यात कांपो, म्हणजे चिनी परंपरेतून आलेली जपानी औषधं मोठ्या संख्येनं आली. श्वे जीची श्याओयाओ तिथे ‘कामी-शोयो-सान’ म्हणून दाण्यांच्या पुडीत मिळते आणि पाळी जाण्याच्या काळातल्या अस्वस्थतेसाठी डॉक्टर ती सर्रास लिहून देतात. श्वे बाप-लेकांच्याच एका ग्रंथात चिडक्या मुलांसाठी दिलेला ‘योकु-कान-सान’ तिथे भलतीकडेच उपयोगी पडला, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या आरडाओरड्यावर आणि भासांवर. 2005 मध्ये तोहोकू विद्यापीठाच्या 52 रुग्णांच्या चाचणीत चार आठवड्यांत फरक दिसला. 2017 मध्ये 145 अल्झायमर रुग्णांवर प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ पुडीशी तुलना केली तेव्हा मात्र ठोस फरक आढळला नाही.

श्याओयाओ मेंदूत काय करतं? कोंडून ठेवलेल्या, ताण दिलेल्या उंदरांत ताणाच्या संप्रेरकांची साखळी शांत होते, सेरोटोनिनसारख्या द्रव्यांत बदल होतो, दाह कमी होतो, आतड्यातले जिवाणूही बदलतात, असं प्रयोगशाळा सांगतात. हे इतकं सगळीकडे दिसतं, की नेमकं कारण हाती लागत नाही. इथे आपल्या सर्पगंधेची आठवण येते. 1931 मध्ये कलकत्त्यात सेन आणि बोस यांनी वेडावर तिचा उपयोग नोंदवला, 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापला, 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. एक वनस्पती, एक रेणू, हिशेब चोख. गंमत अशी, की हेच रिसर्पिन देऊन उंदीर मलूल करतात आणि त्यांच्यावर नवी डिप्रेशनची औषधं तपासतात. श्याओयाओतून असा एकटा रेणू अजून निघालेला नाही. निघेल असं मला वाटतही नाही.

माणसांवरच्या चाचण्यांचा दर्जा ही खरी अडचण. बहुतेक चिनी चाचण्या छोट्या, थोड्या आठवड्यांच्या, आणि कुणाला काय दिलं हे लपवण्यात ढिल्या. सौम्य ते मध्यम उदासीनतेत, नेहमीच्या औषधाच्या जोडीनं, श्याओयाओचा उपयोग होत असावा, इथपर्यंत मी जाईन. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत 2005 च्या कॉक्रेन आढाव्यात सात चाचण्या होत्या. त्यांतही जमेची बाजू होती ती नेहमीच्या औषधाला वनौषधींची जोड दिली तेव्हाची. बद्धकोष्ठता कमी झाली, हाही त्यातलाच एक फायदा. नेहमीचं औषध सोडून केवळ काढा घ्यावा, असा आधार त्यातून मिळत नाही. ज्येष्ठमधानं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. गार्डेनिया वर्षानुवर्षं पोटात गेलं तर आतड्याच्या शिरा कडक होतात असं जपानी डॉक्टरांनी दाखवलंय.

2007 मध्ये बायपोलरच्या 235 रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना कार्बामाझेपिन, काहींना कार्बामाझेपिनसोबत श्वे जीची श्याओयाओ, काहींना प्लासिबो. जोडीच्या गटात दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे कमी होते. त्यांच्या रक्तात कार्बामाझेपिनची पातळीही कमी निघाली. म्हणजे काढा घेणाऱ्यानं डॉक्टरला ते सांगायलाच हवं. उदासीनतेच्या टप्प्यातले रुग्ण जोडीच्या औषधानं जास्त सुधारले. उन्मादाच्या टप्प्यातल्यांना काढ्यानं वाढीव काहीच दिलं नाही. खात्याच्या ग्रंथानंही ओरडत धावत सुटलेल्याला श्याओयाओ सांगितलेलं नव्हतं. त्याच्यासाठी झीश्वे होतं.